चुकलं काय, ते सांगा

मालतीताई गेल्याचं मला शकीलानं फोनवर सांगितलं. सकाळची साडेआठची वेळ, मी पोह्यांना फोडणी घालत होते. "दीदी, मालती दीदी नहीं रहीं," एवढंच ती म्हणाली. मोहरी जळाल्याचा वास आला तेव्हा मी गॅस बंद केला. शकीलाला कुणी कळवलं नव्हतं. गेले वर्षभर ती रोज सकाळी इंद्रपुरीहून पिपलानीला त्यांच्या क्वार्टरवर जायची, अर्धा तास वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि मग आपलं दुकान उघडायची. त्या दिवशीही ती नेहमीसारखीच गेली, तर दाराबाहेर चपलांचा ढीग. मालतीताईंचा मुलगा आणि सून आलेल्यांना पाणी देत होते, आणि ही जिन्यात उभी राहून मला फोन करत होती.

त्याला आता सहा आठवडे होतील. मध्यंतरी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोला हार घातला होता, उदबत्ती लावली होती. एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की वैद्य वहिनी, म्हणजे आमच्या मालतीताई, अत्यंत शांत, मनमिळाऊ, कधी कुणाला न दुखावणाऱ्या अशा होत्या. दुसऱ्यांनी तेच थोडं लांबवून सांगितलं. मी तिसऱ्या रांगेत बसून रागानं लाल होत होते. शांत? मनमिळाऊ? माझ्या तीस वर्षांच्या ओळखीत या बाईनं निदान शंभर माणसांना दुखावलं असेल, त्यात मी दोन नंबरवर आहे. पहिल्या नंबरवर कोण, ते पुढे येईलच. गेलेल्या माणसाला असं इस्त्री करून ठेवायचं हे मला मान्य नाही, म्हणून हा लेख.

मी इंदूरची. लग्न होऊन भोपाळला आले, नवरा मोठ्या सरकारी कारखान्यात, त्याच्याच टाउनशिपमध्ये बरखेड्यात क्वार्टर. मालतीताई नागपूरच्या, राजधानी बदलून सरकारी कचेऱ्या इकडे आल्या तेव्हा वडिलांबरोबर लहानपणी आलेल्या. सगळं आयुष्य या गावात काढूनही घरात हिंदीचा एक शब्द चालायचा नाही आणि बाहेर मराठीचा एक शब्द सुटायचा नाही. माझं मराठी ऐकून त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तुम्ही इंदूरकर वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत का संपवता गं?" मी म्हटलं, "अर्ध्या वाटेत दमतो." तेव्हा त्या हसल्या. आमची मैत्री झाली ती तिथे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही टाउनशिपमधल्या काही बायकांनी मिळून इंद्रपुरीत दोन खोल्या घेऊन एक सहकारी मुद्रणालय काढलं. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, आणि आसपासच्या लहान कारखान्यांची माहितीपुस्तकं. सुरुवातीला बहुतेकींना वाटलं होतं की हा वेळ घालवायचा उद्योग आहे. मालतीताई गणिताच्या पदवीधर, त्यामुळे संगणक आला तेव्हा तो त्यांच्या गळ्यात पडला. तेव्हाची ती अक्षरजुळणीची पद्धत आजच्यासारखी नव्हती, की पान पडद्यावर दिसतंय आणि आपण माउस हलवून मजकूर इकडचा तिकडे करतोय. साधा मजकूर टाइप करायचा, त्यात मध्ये मध्ये आज्ञा लिहायच्या, आणि मग यंत्र ते सगळं वाचून पान तयार करायचं. त्या आज्ञा फार किचकट असत. म्हणून मालतीताईंनी आपल्या आज्ञा बनवल्या, त्यांना मॅक्रो म्हणतात. म्हणजे टाइप करणारीनं एक शब्द लिहायचा, पुढे कंसात मजकूर, की चौकट, ठळक अक्षर, अंतर, सगळं आपोआप. एका झेरॉक्स केलेल्या जाडजूड पुस्तकावरून त्या हे शिकल्या. मॅक्रोंच्या फ्लॉप्या स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात घालून त्या स्कूटरवरून यायच्या. डब्यावर नाव घातलेलं होतं, आईचं.

टाइपिंगला शकीला होती. तेव्हा बाविसेक वर्षांची असेल. वडील वारलेले, घरात ती एकटीच कमावती, आणि दोन धाकट्या बहिणी शाळेत. तिला इंग्रजी जेमतेम, पण हिंदी टाइपिंगचा वेग असा की बघत राहावं. मॅक्रो तिला मालतीताईंनीच शिकवले. प्रूफं आम्ही तिघीचौघी आळीपाळीनं बघायचो. अध्यक्ष होत्या मिसेस सक्सेना, एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी, व्यवस्थित, करारी, आणि मुद्रणालयाचं नाव कुठेही खराब होऊ नये याबद्दल फार जागरूक.

एका छोट्या कारखान्याचं काम आलं होतं. ते तेलावर चालणारे पंप बनवत आणि फिटर लोकांसाठी त्यांना हिंदीत देखभालीचं पुस्तक हवं होतं. अशा पुस्तकात इशारे असतात, चौकटीत, ठळक. त्यासाठी मालतीताईंनी एक मॅक्रो केला होता. पहिल्या कंसात इशाऱ्याचा प्रकार लिहायचा: खतरा, सावधान किंवा नोट. दुसऱ्या कंसात वाक्य. प्रकार बघून यंत्र चौकटीची जाडी ठरवायचं. पुस्तक छापून गेलं, सगळे खूश. दोन महिन्यांनी कारखान्याचं पत्र आलं की चौथ्या प्रकरणातला एक इशारा पुस्तकात नाहीच. ढक्कन उघडण्याआधी तेलाचा दाब शून्यावर आणा, असं ते वाक्य. मूळ हस्तलिखितात होतं, पुस्तकात नव्हतं, आणि कुठल्याशा फिटरनं पुस्तक बघून ढक्कन उघडलं तेव्हा गरम तेल त्याच्या हातावर उडालं होतं. हात वाचला, पण चांगला भाजला होता.

कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली गेली. बैठकीआधीच सगळं ठरलेलं होतं. मिसेस सक्सेनांनी पत्राचा मसुदाही आणला होता: टाइप करणाऱ्या मुलीच्या निष्काळजीपणामुळे वाक्य गाळलं गेलं, तिला कामावरून कमी करण्यात आलं आहे, आम्ही दिलगीर आहोत. खाली सगळ्यांच्या सह्या व्हायच्या होत्या. शकीला दरवाजाजवळ उभी. तिच्या हातात हस्तलिखिताचे कागद होते आणि ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "मैंने तो जैसा लिक्खा था, वैसा ही टाइप किया।" कुणी ते ऐकत नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं की ज्याच्या हातून चूक झाली तो असंच म्हणणार.

मालतीताईंनी पत्र वाचलं, बाजूला ठेवलं आणि शकीलाकडून ते कागद मागून घेतले. आदल्या दोन दिवसांत त्यांनी चूक नेमकी कुठे झाली ते शोधून काढलं होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी मिसेस सक्सेनांना विनंती केली की दोन मिनिटं तुम्ही संगणकावर बसा. त्या म्हणाल्या, मला कुठे येतं. मालतीताई म्हणाल्या, आज्ञा मी लिहून ठेवली आहे, पुढे फक्त दोन कंस भरायचे, समोरच्या कागदावर आहे तसं. इतक्या लोकांसमोर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, त्यामुळे मिसेस सक्सेना बसल्या. कागदावर मसुदा लिहिणाऱ्या कारखान्याच्या इंजिनियरनं आधी वाक्य लिहिलं होतं आणि शेवटी लाल पेन्सिलीनं कंसात लिहिलं होतं, खतरा. मिसेस सक्सेनांनी पहिल्या कंसात वाक्य घातलं, दुसऱ्या कंसात खतरा. पान छापून आलं. त्यावर इशारा नव्हता. तक्रार नाही, रिकामी जागा नाही, काही नाही. वरचा परिच्छेद आणि खालचा परिच्छेद अगदी नीट जुळलेले.

मग मालतीताईंनी खजिनदार बाईंना बसवलं, मग मला. तिघींनीही तेच केलं, कारण कागदावर होतं तसंच आम्ही भरलं. बाकीच्या प्रकरणांचे मसुदे दुसऱ्या इंजिनियरचे होते, ते प्रकार आधी लिहायचे. या एका प्रकरणाचा मसुदा नव्या माणसाचा, त्याची सवय उलटी. शकीलानं कागदाशी इमान राखलं होतं. पहिल्या कंसात यंत्राला लांबलचक वाक्य दिसलं. असा इशाऱ्याचा प्रकार त्याला माहीत नव्हता. आणि माहीत नसलेला प्रकार आला तर काय करायचं हे मालतीताईंनी त्याला सांगितलेलंच नव्हतं. म्हणून ते काहीही न करता पुढे गेलं.

"हम चार औरतों ने चार बार वही किया," मालतीताई मिसेस सक्सेनांना म्हणाल्या. "अब चिट्ठी में मेरा नाम लिखिए। शकीला का नाम रहेगा तो मैं दस्तखत नहीं करूँगी।"

 मिसेस सक्सेना म्हणाल्या की मशीनला दोष देऊन कसं चालेल, शेवटी माणसानंच नियम पाळायला हवेत. मालतीताईंचा आवाज चढला. त्या म्हणाल्या, मशीनला मी दोष देतच नाही आहे, स्वतःला देते आहे. माणसं चुकणारच, हे मला माहीत असायला हवं होतं. चुकल्यावर यंत्रानं थांबून सांगायला हवं होतं. माझं यंत्र थांबलं नाही, त्यानं वाक्य गिळलं आणि शहाण्यासारखं तोंड करून पुढे गेलं. कुणीतरी म्हणालं, आपलं मुद्रणालय म्हणून जरा सांभाळून घ्या. त्यावर त्या जे बोलल्या ते इथे छापण्याजोगं नाही, पण त्यात त्या फिटरच्या हाताचा उल्लेख होता. प्रूफ कुणी पास केलं यावरही थोडी चर्चा झाली, ती मालतीताईंनी पुढे जाऊ दिली नाही. सगळ्यात जास्त दुखावल्या गेल्या मिसेस सक्सेना, कारण त्यांना सगळ्यांसमोर तीच चूक करायला लावली होती. त्यांनी पुढे दहा वर्षं मालतीताईंशी अबोला धरला.

पत्र बदललं. शकीला राहिली. पण चूक स्वतःच कबूल केल्यावर तांत्रिक विभागाची जबाबदारी मालतीताईंकडे ठेवता येणार नाही असं कार्यकारिणीनं ठरवलं, आणि त्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं. मुकाट्यानं म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर वेळेवर येऊन त्या आपल्या खुर्चीवर बसल्या आणि कामाला लागल्या. पद गेलं, बाई तिथेच. त्यांना उठवायला कुणाची हिंमत नव्हती. पहिल्या आठवड्यात त्यांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापल्या आणि शकीलाला स्कूटरवर मागे बसवून त्या कारखान्यात जाऊन शिल्लक असलेल्या प्रत्येक पुस्तकात स्वतः चिकटवल्या. गेलेल्या पुस्तकांचे पत्ते मागून घेऊन टपालानं पाठवल्या. फिटरला भेटायला गेल्या, तिथे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग त्यांनी सगळे मॅक्रो पहिल्यापासून लिहायला घेतले. हे काम दोनतीन महिने चाललं आणि तेवढ्या काळात त्यांनी आम्हा सगळ्यांचं डोकं खाल्लं. मूळ प्रणाली चूक सापडली की इंग्रजीत काहीबाही ओरडायची. एक कंस बंद करायचा राहिला तर पडद्यावर सत्तर ओळी तक्रारींच्या, आणि खरी चूक त्यातल्या एकीतही नाही, कारण यंत्राला ती कळेपर्यंत ते तीन पानं पुढे गेलेलं असायचं. शकीला त्या ओळींना घाबरायची. घाबरून ती तक्रार न वाचता बटणं दाबत सुटायची. मालतीताईंनी ठरवलं की प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी कंस मोजायचे, पहिल्या चुकीपाशी थांबायचं आणि एकच गोष्ट सांगायची. काय अपेक्षित होतं, त्याजागी काय सापडलं, कुठल्या ओळीत, आणि आता काय करायचं. तेही हिंदीत, रोमन अक्षरांत, कारण पडद्यावर नागरी लिपी उमटत नव्हती. प्रत्येक सूचना त्या आधी शकीलाला वाचायला द्यायच्या. तिनं भुवया वर केल्या की कागद परत. "गलत" हा शब्द त्यांनी सगळीकडून काढून टाकला. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "चुकलंय हे तिला थांबल्यावर कळलंच आहे. काय चुकलं ते सांगायचं सोडून वर आणखी कशाला हिणवायचं?"

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, इतकं अडवायचंच कशाला, उलटे कंस आले तर यंत्रानं आपणहून सुलटे करून घ्यावेत. त्या म्हणाल्या, शीर्षकाच्या अक्षरांचा आकार चुकला तर खुशाल अंदाज करू दे, आणि अंदाज केला हे सांगू दे. पण इशाऱ्याच्या बाबतीत अंदाज करायचा नाही. तिथे पान तयार होणार नाही म्हणजे नाही. मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. आणि खरोखरच एकदा एक गिऱ्हाईक दारात दीड तास उभं राहिलं, बाहेर रिक्षा थांबलेली, आणि या बाई शांतपणे शकीलाच्या शेजारी बसून म्हणत होत्या, तूच शोध, मी सांगणार नाही, पडद्यावर लिहिलंय. हीच ती शोकसभेतली शांत बाई.

पुढे मुद्रणालय बंद पडलं, जसं सगळ्यांचंच पडलं. शकीलानं इंद्रपुरीत स्वतःचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान काढलं. बहिणींची लग्नं झाली, एक आता शाळेत शिकवते. मालतीताईंचे पती गेले, गुडघे गेले, नजर कमी झाली, तोंड मात्र शाबूत राहिलं. माझी त्यांची शेवटची भेट दवाखान्यात झाली. तपासणीसाठी नावनोंदणीचं नवीन यंत्र बसवलं होतं आणि त्याच्यासमोर एक म्हातारे गृहस्थ पुन्हा पुन्हा काहीतरी दाबत होते. दर वेळी पडद्यावर लाल अक्षरांत "गलत प्रविष्टि". खिडकीतला माणूस म्हणत होता, बाबा, ठीक से भरो. मालतीताई चाकाच्या खुर्चीत. त्यांनी मला खुर्ची तिकडे न्यायला लावली. त्या माणसाला म्हणाल्या, "गलत है ये तो इनको भी दिख रहा है भैया। क्या गलत है, ये बताओ।" तो म्हणाला, मैडम, सिस्टम ही ऐसा है. तर त्यांनी त्याला बाहेर यायला लावलं, यंत्रासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही भरा. त्याचंही दोनदा चुकलं. मागे रांग लागलेली, लोक वैतागलेले, मी शरमेनं इकडेतिकडे बघत होते... आणि त्यांना धाप लागली होती तरी त्या हलायला तयार नव्हत्या. म्हाताऱ्या गृहस्थांचा कागद निघाला तेव्हाच आम्ही पुढे गेलो. त्यानंतर अकराव्या दिवशी शकीलाचा फोन आला.

हा लेख मी वहीत हातानं लिहिला आणि परवा टाइप करून घ्यायला शकीलाच्या दुकानात नेला. आता तिचेही केस पांढरे झाले आहेत. मराठी तिला बोलता येत नाही, पण इतक्या वर्षांत वाचलेलं सगळं कळतं. ती भराभर टाइप करत होती, मी शेजारी स्टुलावर. बैठकीच्या प्रसंगापर्यंत आली आणि तिचे हात थांबले. प्रूफ कुणी पास केलं यावरही थोडी चर्चा झाली, त्या ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"दीदी, यहाँ कुछ छूट गया है।"

मी विचारलं, काय? ती माझ्याकडे बघत नव्हती, वहीकडेच बघत होती. म्हणाली, "प्रूफ पर आपके दस्तखत थे। मालती दीदी ने आपकी तरफ़ देखा था। मैं दरवाज़े पर थी, मैंने देखा था।"

तीस वर्षं. एवढी वर्षं ती माझ्या घरी ईदच्या शेवया आणत होती, माझ्या घरचे दिवाळीचे लाडू नेत होती. मी म्हटलं, आता ते कशाला, लेख मालतीताईंवर आहे. ती म्हणाली, आप जैसा कहें वैसा टाइप कर दूँगी, बस बताना था कि छूटा है. आणि बोट ओळीवर ठेवून थांबली. रागावली नव्हती, घाईतही नव्हती. मी सांगेपर्यंत ती पुढे जाणार नव्हती.

तर आता सांगते. चौथ्या प्रकरणाचं प्रूफ माझ्याकडे होतं. हस्तलिखित शेजारी ठेवून ओळीशी ओळ ताडून बघायचा नियम होता. त्या दिवशी इंदूरहून नणंद यायची होती, मला स्टेशनवर जायचं होतं. मी हस्तलिखित उघडलंच नाही. पान नीटनेटकं दिसत होतं, मी सही केली. बैठकीत मिसेस सक्सेनांनी प्रूफ कुणाचं म्हणून विचारलं तेव्हा मालतीताई माझ्याकडे वळून थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मी टेबलाकडे बघत राहिले. समोर शकीलाची नोकरी जात होती आणि मी टेबलाकडे बघत होते. मग त्याच म्हणाल्या की पान इतकं साफ होतं, कुणीही पास केलं असतं, आणि विषय संपवला. त्या बैठकीत त्यांनी स्वतःची चूक जगासमोर मांडली आणि माझी गुपचूप गिळून टाकली. पुढे कधी तिचा उच्चार केला नाही. ज्या बाईनं आयुष्यभर कुणाची चूक अशी सोडली नाही, तिनं माझी का सोडली, हे मला अजून कळलेलं नाही. मला त्यांचा राग येतो. त्या मला बोलल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

हे सगळं मी स्टुलावर बसून तोंडी सांगितलं, काही मराठीत, काही हिंदीत. शकीलानं पहिल्यांदा ओळीवरचं बोट उचललं आणि टाइप करायला घेतलं. एका जागी मी म्हणाले की नणंदेचं कारण गाळून टाक, ते उगीच सबब वाटतं. तिनं विचारलं, वो सच है? मी म्हटलं, सच है. तो रहने दीजिए, ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य विचारलं.